जॉकी व्हायचंय म्हणून प्रॅक्टिस घोडा घ्यावा का? वापरून लिहितोय

रेसच्या तबेल्यात नव्या पोरापोरींना राइडिंग शिकवायचं काम माझ्याकडे आहे आणि आमच्या खोगीर-लगामाच्या खोलीत बरेच दिवस हा बिनमोटरचा लाकडी प्रॅक्टिस घोडा आहे, सकाळचं काम संपलं की त्याच्यावर कोणी ना कोणी चढलेलं असतंच. कंपनीचं नाव लिहीत नाही, या टाइपचे सगळे घोडे थोड्याफार फरकाने सारखेच. मला विचारणारे बरेच असतात, पोरं कमी आणि त्यांचे आईवडील जास्त, की हा घेऊन दिला तर मुलगा जॉकी होईल का. वस्तू चांगली आहे हो, पण बहुतेक जण ती चुकीच्या वेळी घेतात.

आधी वस्तू काय ते सांगतो. लाकडी धड, खाली दणकट स्प्रिंगा, पुढे हलणारी मान, तिच्यावर दोरीची आयाळ आणि पकडायला खरा लगाम. मोटर नाही, स्क्रीन नाही, तुम्ही ढकललं तर मान पुढे जाणार, नाही ढकललं तर घोडा ढिम्म. ही कल्पना फ्रँक लोवॅटो ज्युनियर या अमेरिकन जॉकीची, १९८० साली तिकडच्या सर्वोत्तम अप्रेंटिसचा, म्हणजे शिकाऊ जॉकीचा, एक्लिप्स अवॉर्ड मिळालेला माणूस, पुढे दुखापत होऊन घरी बसावं लागलं तेव्हा परत फिट व्हायला त्याने स्वतःसाठीच असा घोडा तयार केला. मोटर आणि स्क्रीनवाले सिम्युलेटर वेगळे, ते मोठ्या रेसिंग स्कूलमध्ये असतात आणि घरी घ्यायची वस्तू नाहीच ती.

आता फायदा. जॉकी घोड्यावर बसत नाही, आखूड रिकिबीत नुसते चवडे टेकवून गुडघे दुमडून अधांतरी असतो, पाठ सपाट, हात मानेजवळ खाली, नजर घोड्याच्या कानांमधून पुढे. हे स्टाइलसाठी नाही. २००९ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, त्यात दाखवलंय की १९०० च्या आसपास जॉकींनी ही वाकलेली पोझिशन घेतली आणि रेसच्या वेळा ५ ते ७ टक्क्यांनी सुधारल्या. कारण घोड्याची पाठ प्रत्येक ढांगेला वर-खाली पुढे-मागे होते आणि जॉकी ती सगळी हालचाल आपल्या पायांत जिरवतो, स्वतः जवळजवळ एका रेषेत पुढे सरकतो, त्यामुळे घोड्याला दर ढांगेला त्याचं वजन नव्याने उचलून पुढे फेकावं लागत नाही. हे पायांत जिरवणं शिकायला हा लाकडी घोडा खरंच एक नंबर आहे.

नवीन पोरगी वर चढली की पहिली काही सेकंद मजेत असते, मग मांड्या थरथरायला लागतात, मग हळूच टाच वर येते, आणि टाच वर आली की तोल सांभाळायला हात लगामाला लटकतात. खऱ्या घोड्याला त्याचा अर्थ एवढाच कळतो की वरचा मला ओढतोय, आणि मग तोही ओढायला लागतो. १२०० मीटरची रेस साधारण ७० सेकंदांची, २४०० ची अडीच मिनिटांची, तेवढा वेळ टाच न हलवता काढता आला की मी पुढचं शिकवतो. बाजूला आरसा लावा, नाहीतर स्वतःची पाठ सपाट आहे असं प्रत्येकालाच वाटतं.

दुसरा फायदा म्हणजे चाबूक बदलणं. उजव्या हातातला चाबूक डावीकडे घ्यायचा तर दोन्ही लगाम क्षणभर उजव्या मुठीत येतात, डावा हात जाऊन चाबकाची मूठ वरून धरतो आणि चाबूक सर्रकन वर ओढून घेतो, आणि लगाम परत दोन्ही हातांत. लिहिताना सोपं वाटतं, पण नवख्याचा तेवढ्यात एक लगाम ढिला पडतो, आणि पळत्या घोड्यावर असं झालं तर घोडा सरळ शेजारच्याच्या अंगावर जाईल. लाकडी घोड्यावर हे शेकडो वेळा घोटता येतं, कुणाच्या जिवाला धोका नाही आणि जनावरालाही त्रास नाही. मी फटके मोठ्याने मोजायला लावतो, कारण नियम आता कडक आहेत, ब्रिटनमध्ये २०२३ पासून सपाट, म्हणजे बिनअडथळ्यांच्या, रेसमध्ये ६ वेळांच्या वर चाबूक वापरला तर शिक्षा, आणि फारच जास्त झालं तर घोडाच बाद.

आता तक्रारी. स्प्रिंग काही महिन्यांत सैल पडून करकरायला लागली आणि बदली स्प्रिंग मागवली तर कंपनीने इतकी रखडवली की शेवटी आम्ही लोहाराकडूनच काम भागवलं. मान सरळ रेषेतच हलते, वळण नाही. पण मोठी अडचण वेगळी आहे, हा घोडा तुमच्या तालावर चालतो आणि खऱ्या घोड्याच्या तालावर तुम्हाला चालावं लागतं. नुसतं यावर शिकलेली पोरं ट्रॅकवर पहिल्या ढांगेपासून ढकलत सुटतात, घोडा दमतो आणि शेवटच्या दोनशे मीटरला ह्यांच्याकडे काही शिल्लक नसतं. स्टार्टिंग गेटमध्ये चुळबुळ करणारा घोडा, पुढच्यांच्या टापांची माती गॉगलवर, चारी बाजूंनी कोंडलेलं असताना फट उघडेपर्यंत हात शांत ठेवणं, यातलं काहीही इथे मिळत नाही. जवळजवळ पाचशे किलोचं जनावर ताशी साठ किलोमीटरने पळतं तेव्हा ताकदीने ते थांबत नसतं, आणि ही समज लाकडात कुठून येणार.

ती समज तबेल्यात येते. म्हणून लाकडी घोडा घेण्याआधी कुठल्यातरी ट्रेनरकडे नाहीतर रेसिंग स्कूलमध्ये जागा मिळवा. ब्रिटन-आयर्लंडमध्ये लायसन्स सोळाव्या वर्षापासून मिळतं, जपानच्या सरकारी जॉकी स्कूलचा कोर्स तर तीन वर्षांचा आहे. कुठेही गेलात तरी सुरुवात लीद काढणं, खरारा, पाणी, घोडा चालवून थंड करणं यानेच होते, मग पहाटेचं ट्रॅकवर्क म्हणजे ट्रॅकवर घोडा पळवायचा सराव, आधी म्हातारा समंजस घोडा, मग कँटर (मध्यम दौड), मग गॅलप (भरधाव). ट्रेनरला भरवसा वाटला तर तो अप्रेंटिस म्हणून घेतो, मेडिकल होते, लायसन्स मिळतं. नवख्यांना वजनात सूट असते, म्हणजे त्यांच्या घोड्याला तेवढं कमी वजन वाहावं लागतं, ब्रिटनमध्ये पहिल्या २० विजयांपर्यंत ७ पाउंड, मग ५० पर्यंत ५ आणि ९५ पर्यंत ३. या सवलतीपायीच ट्रेनर पोराला राइड देतात, आणि सूट संपली की खरा कस लागतो, बरेच जण तिथेच गळतात.

आणि वजन. सपाट रेसच्या जॉकीचं वजन साधारण ५० ते ५५ किलोत लागतं आणि काट्यावर खोगिरासकट चढायचं असतं. उपाशी राहून, घाम काढून वजन उतरवायचे दिवस आता जातायत, ब्रिटनने रेसकोर्सवरचे सॉना, म्हणजे घाम काढायच्या गरम खोल्या, कायमचे बंद केलेत. पोरगं अजून उंच होतंय आणि हाडापेराने दणकट असेल तर त्याला उपाशी मारू नका, अडथळ्यांच्या रेसमध्ये वजनं बरीच जास्त असतात. मुलींनी हे क्षेत्र आपलं नाही असं मनातसुद्धा आणू नये, २०२१ ची ग्रँड नॅशनल, ब्रिटनमधली अडथळ्यांची नावाजलेली रेस, रेचल ब्लॅकमोरने जिंकली.

तर घ्यावा का? तबेल्यात लागलेलं पोर असेल, ट्रॅकवर्क सुरू झालं असेल तर जरूर, चौघांनी मिळून घेतला तर अजून बरं. दुखापतीतून उठणाऱ्यांना तर फारच उपयोगी. घोड्याच्या जवळही न गेलेल्या मुलाला वाढदिवसाला द्यायचा विचार असेल तर नको, ते पैसे आधी चांगलं हेल्मेट आणि बॉडी प्रोटेक्टरमध्ये घाला. लाकडी घोडा नाहीच परवडला तर गवताच्या गठ्ठ्यावर जुनं खोगीर बांधा, स्टीव्ह कॉथेन लहानपणी गठ्ठ्यावरच चाबूक फिरवायला शिकला आणि अठराव्या वर्षी, १९७८ मध्ये, अफर्म्ड घोड्यावर अमेरिकेची ट्रिपल क्राउन, म्हणजे तिथल्या तीन मोठ्या रेस एकाच वर्षी, जिंकून बसला.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन स्टार, अर्धा स्प्रिंगने खाल्ला. घेणार असाल तर जादाची स्प्रिंग ऑर्डरसोबतच मागून घ्या आणि त्यांच्या जाडजूड रिकिबी काढून रेसच्या हलक्या लावा, नाहीतर पायाला चुकीची सवय लागते.