प्लांटमध्ये खिशात कुठला टॉर्च: साधा यूएसबीवाला की एक्स मार्किंगचा (म्हणजे पेटणाऱ्या गॅस-वाफेच्या जागेसाठी प्रमाणित)?
साधा यूएसबीवाला स्वस्त, उजेड दणकून, आणि वर आयपी६७ छापलेलं दिसलं की आपली पोरं तो सेफ समजून बिनधास्त सॉल्व्हंटच्या टाकीपाशी नेतात, अरे पण आयपी म्हणजे नुसतं धूळ-पाण्याचं, गॅसशी त्याचा काय संबंध! एक्स मार्किंगचा इन्ट्रिन्सिकली सेफ (मुळातच सुरक्षित) पेन टॉर्च उजेडात मार खातो, महागही पडतो, पण त्यात करंटच इतका कमी ठेवतात की ठिणगी पडली तरी वाफ पेटत नाही. मार्किंग मात्र नीट वाचा. झोन ० ला, म्हणजे जिथे पेटणारी वाफ किंवा गॅस कायम असतो तिथे, एक्स आयए (इन्ट्रिन्सिकली सेफमधला सगळ्यात कडक दर्जा), हायड्रोजन असेल तर आयआयसी (सगळ्यात सहज पेटणाऱ्या गॅसांचा गट), टी४ म्हणजे पृष्ठभाग १३५ अंशांच्या वर तापत नाही. सेल कंपनीने सांगितलेलेच, आणि बदलायचे ते बाहेर येऊन. साधा यूएसबीवाला घरी लाइट गेल्यावर वापरा.