पार्कर ५१ म्हणून विकलेले पेन

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातील बरेच शाईपेनप्रेमी जुन्या पेनांच्या प्रदर्शनांना आवर्जून जातात. बेळगावात भरलेल्या अशाच एका प्रदर्शनात पार्कर ५१ म्हणून माझ्या हाती दुसरेच पेन देण्यात आले. ही फसवणूक इतक्या सफाईने केली जाते की मुरलेल्या संग्राहकालाही ती जागच्या जागी कळणे कठीण आहे, म्हणून घडले ते सविस्तर मांडत आहे.

पार्कर ५१ हे पेन १९४१ साली बाजारात आले, तेव्हा त्याची किंमत साडेबारा डॉलर होती. झाकलेली सोन्याची निब आणि लुसाइट या टणक प्लॅस्टिकचे अंग यांमुळे ते आजही मागणीत आहे. त्याच कंपनीने १९४८ मध्ये पार्कर २१ हे स्वस्त भावंड काढले. पाच डॉलरचे, दिसायला जवळपास तसेच, निबही तशीच झाकलेली, मात्र ती सोन्याची नसून ऑक्टेनियम नावाच्या मिश्रधातूची. दोन्ही खऱ्या पार्करचीच पेने असल्यामुळे टोपणावरचे नाव खरे असते, आणि फसवणाऱ्याचे अर्धे काम तिथेच होते. नकली चिनी पेन ओळखण्याची तयारी करून आपण जातो, पण अस्सल पार्करच दुसऱ्या पार्करच्या नावाने विकले जाईल याकडे लक्ष जात नाही.

माझे थोरले मामा पूर्वी कोर्टाबाहेर बसून अर्ज लिहून देत असत आणि त्यांच्याकडे एके काळी पार्कर ५१ होते. त्यांना तसेच पेन द्यावे, एवढ्यासाठी मी त्या टेबलापाशी थांबलो. विक्रेत्याने काळ्या रंगाचे एक पेन शाई भरून ठेवले होते. त्याने मला ते लिहून पाहायला दिले, मागची नळी फिरवून आतली शाई भरण्याची धातूची नळी दाखवली आणि तिच्यावर कोरलेले पार्कर ५१ हे नावही वाचायला लावले. ते पेन निःसंशय अस्सल होते. मग तो म्हणाला, "सर, हे माझं नमुन्याचं आहे, ह्याच्यावर ओरखडे आहेत. तुम्हाला ह्याच लॉटमधलं कोरं देतो, मामांना द्यायचंय ना?" डबीतून त्याने तसेच दिसणारे पेन काढले. त्याच्या नळीच्या जोडावर पारदर्शक चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ती कंपनीची सील आहे, ती फोडली किंवा पेनाला शाई लागली तर कोऱ्या पेनाची किंमत निम्म्यावर येते, असे त्याने बजावले.

सगळा डाव या एका वाक्यात आहे. न वापरलेल्या जुन्या पेनाला संग्राहक जास्त पैसे मोजतात हे खरेच आहे, आणि त्या खऱ्या गोष्टीच्या आडोशाने खोटे खपते. वास्तविक नळी फिरवून आत पाहण्याने पेनाला शाईचा थेंबही लागत नाही. सील मोडण्याची भीती घालून गिऱ्हाईकाला फक्त त्या पाहण्यापासून रोखायचे असते.

मी ९,५०० रुपये स्कॅन करून दिले. स्क्रीनवर आलेले नाव विक्रेत्याचे नव्हते. तो भावाचा नंबर असल्याचे त्याने सांगितले. पावती मागितल्यावर एका कोऱ्या चिठ्ठीवर 'व्हिंटेज पार्कर पेन, १ नग' एवढेच लिहून दिले. त्यात ५१ हा आकडा नाही, सोन्याच्या निबेचा उल्लेख नाही, पत्ताही नाही.

मामांना देण्यापूर्वी पेन धुऊन घ्यावे म्हणून मी ते बेळगावच्या बाजारातील एका जुन्या पेनदुरुस्तीवाल्या काकांकडे नेले. त्यांनी पट्टी नखाने सोडवली. तिचा डिंक अजून ओला-चिकट होता. नळी उघडून त्यांनी आतला भाग माझ्यासमोर धरला. १९४८ पासूनच्या ५१ मध्ये रबरासारखी पारदर्शक पिशवी पूर्ण धातूच्या नळीत बसवलेली असते आणि त्या नळीवर नाव व शाई भरण्याच्या सूचना कोरलेल्या असतात. इथे पिशवी दोन्ही बाजूंनी उघडी होती आणि तिच्याभोवती नुसती वाकवलेली पत्र्याची पट्टी होती. भिंगाखाली त्यांनी निबेवरच्या टोपीला गेलेली केसाएवढी चीर दाखवली; २१ चे प्लॅस्टिक वर्षानुवर्षांनी आकसते आणि असे तडकते. "पार्करचंच आहे हे, खरं एक्कावन्न नव्हे, एकवीस," एवढेच ते म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडून पैसे घेतले नाहीत.

मला सर्वांत जास्त लागले ते पैशांपुरते नाही. आपल्या भागात मराठी पुस्तकासाठी, मराठी पाटीसाठी माणसे धडपडतात. अशा ठिकाणी पलीकडून आलेला कोणी आपुलकीने मराठीत बोलू लागला, "आपल्या सीमाभागातल्या माणसांना मी जास्त भाव लावत नाही" असे म्हणू लागला, की त्याच्याकडे पक्की पावती मागणे आपल्याला जड जाते. त्या विक्रेत्याला हे पुरते ठाऊक होते आणि त्याने भाषेच्या त्या नात्याचा वापर केला. हे मला पेनाच्या चोरीहून वाईट वाटते.

विक्रेत्याचा फोन आता लागत नाही. टेबल दुसऱ्याच्या नावावर आरक्षित होते, असे संयोजक सांगतात. मी पोलिसांत अर्ज दिला आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली हा गुन्हा बसतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे विक्रेता परगावचा असला तरी तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. अडचण एवढीच, की नोटीस धाडायला समोरच्याचा पत्ता लागतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही उपयोगी आहे. बिलावर 'पार्कर ५१, सोन्याची निब' असे स्पष्ट लिहून घेतले असेल तर तक्रारीचे वजन वाढते. माझी चिठ्ठी तिथेच लंगडी पडते.

त्या टेबलावरून डबीबंद पेन घेतलेले आणखी काही जण असावेत, कारण तशाच पट्टी लावलेल्या डब्या तिथे ओळीने मांडल्या होत्या. त्यांनी पट्टी काढून नळीच्या आत पाहावे, पैसे पाठवल्याची नोंद आणि मिळालेली चिठ्ठी जपून ठेवावी, आणि विक्रेत्याचे पूर्ण नाव किंवा पत्ता कोणाकडे असल्यास तो पोलिसांना कळवावा.