उघडलेली सिंगल माल्ट कशी जपावी: गॅसचा फवारा की छोट्या बाटल्या?

उघडलेली व्हिस्की किती दिवस चांगली राहते असं कुणी विचारलं, की मी आधी बाटलीत किती उरली आहे ते विचारतो. खांद्यापर्यंत भरलेली बाटली अंधाऱ्या कपाटात वर्षभर, कधी त्याहूनही जास्त, जवळजवळ होती तशीच राहते. तीच तळाच्या दोन-तीन पेगांवर आली की काही महिन्यांतच तिचा नूर बदलतो. अल्कोहोल 40 टक्के किंवा त्याहून जास्त असल्यामुळे व्हिस्की आंबत नाही, नासत नाही, पिणाऱ्याचं पोट बिघडवत नाही. जाते ती चव, आणि तीही वरच्या थरापासून. आधी नाकाला जाणवणारी फळं-फुलं कमी होतात, मग पीटचा, म्हणजे बार्ली सुकवताना जाळलेल्या दलदलीतल्या मातीचा, धूर विरतो, आणि शेवटी हातात राहते ती गोडसर पण सपाट चव.

कारणं तुम्हाला ठाऊक असतील, तरी थोडक्यात सांगतो, कारण पुढची निवड त्यांवरच ठरते. बाटली जितकी रिकामी तितकी आत हवा जास्त, आणि त्या हवेतला ऑक्सिजन व्हिस्कीत विरघळून तिची घडण हळूहळू बदलतो. शिवाय उडून जाणारे घटक द्रवातून निघून वरच्या मोकळ्या जागेत साठतात आणि पुढच्या वेळी बूच काढलं की खोलीत जातात. त्यात आपल्याकडची उष्णता. स्कॉटलंडच्या गोदामात पिंपातून वर्षाला साधारण 2 टक्के माल उडतो, बेंगळुरूत तोच आकडा 10 ते 12 टक्क्यांच्या घरात जातो. बाटलीची काच पिंपाच्या लाकडासारखी श्वास घेत नाही हे मान्य. पण ठाण्यातलं मे महिन्यातलं कपाट आणि एडिनबरामधलं कपाट यांना एकच मुदत लावू नये, असं मला वाटतं. परदेशातला कुणी ‘दोन वर्षं बिनधास्त ठेवा’ म्हणाला, तर आपण त्यातले थोडे महिने कमी धरावेत.

हा खटाटोप प्रत्येक बाटलीसाठी नाही. चार जण बसले की संपणारा 42.8 टक्क्यांचा खंबा किंवा सोड्यात जाणारी ब्लेंडेड यांना घट्ट झाकण आणि अंधार एवढं पुरे. प्रश्न येतो तो पुरवून पुरवून प्यायच्या बाटलीचा. विमानतळावरून माणशी दोन लिटरच्या मर्यादेत आणलेली स्कॉटलंडच्या आयला बेटावरची पीटेड (पीटच्या धुराची), शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपात मुरलेली एखादी, किंवा आपली अमृत फ्यूजन, गोव्याची पॉल जॉन बोल्ड. माझ्या अनुभवात सगळ्यांत आधी खचते ती पीटेड. लॅफ्रॉइग किंवा आर्डबेगची नवी बाटली उघडली की टिंक्चर आयोडीनचा आणि विझलेल्या शेकोटीचा जो भपका येतो, तो फिनॉलांचा, म्हणजे पीटच्या धुरातून आलेल्या घटकांचा. बाटली अर्धी होऊन तशीच पडून राहिली, की पहिला मार त्यालाच बसतो.

उलटही होतं, आणि ते लक्षात घ्यायला हवं. काही बाटल्या उघडल्यावर पहिले काही आठवडे खुलत जातात. फ्यूजनमध्ये भारतीय बार्लीसोबत स्कॉटलंडची पीटेड बार्ली असते, आणि ती 50 टक्क्यांची आहे. पहिल्या पेगला ती मला आवळलेली वाटते, महिन्याभराने जास्त आवडते. तेव्हा बाटली उघडली की लगेच हवा रोखायला धावू नका. निम्म्याच्या आसपास येईपर्यंत ती तिच्या चालीने चालू द्या. खरा निर्णय तिथे करायचा असतो.

दोन-तीन पर्याय मी पटकन बाजूला काढतो. वाइनसाठी मिळणारा व्हॅक्यूम पंप हवेबरोबर वासही ओढून घेतो, आणि जपायचा तर वासच असतो. नक्षीदार डिकँटर, म्हणजे दारू ओतून ठेवायची काचेची सुरई, मांडणीत शोभतो, पण त्याचं काचेचं बूच मानेवर नुसतं टेकलेलं असतं. जुन्या लेड क्रिस्टलच्या काचेत 24 टक्के किंवा अधिक लेड ऑक्साइड असतं, आणि त्यातलं शिसं दारूत हळूहळू उतरतं. एका संध्याकाळपुरता वापरावा, साठवणीला नको. प्रयोगशाळेतली पॅराफिल्मची पट्टी बुचाभोवती ताणून गुंडाळली की गळती थांबते आणि ती मी वापरतोही, पण आत अडकलेल्या हवेला ती काही करू शकत नाही.

उरतात दोन. एक, मूळ बाटलीत निष्क्रिय वायूचा फवारा मारणं. दोन, उरलेली व्हिस्की छोट्या बाटल्यांत जवळजवळ काठोकाठ भरणं.

गॅसचा पर्याय मनापासून विचार करण्याजोगा आहे. कॅनमध्ये नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि आर्गॉन यांचं मिश्रण असतं, काहींत नुसता आर्गॉन. आर्गॉन हवेपेक्षा जड असल्यामुळे तो व्हिस्कीच्या पृष्ठभागावर बसतो आणि हवेला वर सारतो. बारीक नळी बाटलीच्या मानेत घालायची, दोन-चार छोटे फवारे मारायचे, लगेच बूच लावायचं. वास नाही, चव नाही. व्हिस्की ओताओत करून ढवळली जात नाही. आणि मूळ बाटली, लेबल, खोका सगळं जागेवर राहतं, ज्याचं मोल सगळ्यांनाच कळतं. फार काही न करता चांगला निकाल देणारी ही रीत आहे, हे मी आनंदाने कबूल करतो.

तरीही मी गॅस रोजच्या वापरातून काढला, तो एका त्रासामुळे. हा त्रास कॅन विकत घेताना कुणी सांगत नाही. पेग ओतायला बाटली वाकडी केली, की जेवढी व्हिस्की बाहेर येते तेवढीच हवा घळघळ करत आत शिरते. म्हणजे मारलेला फवारा पुढच्या पेगापर्यंतच खरा. मित्र बसलेत, बाटली टेबलावर आहे. पहिला पेग झाला, मी फवारा मारून बूच लावलं, आणि पाचच मिनिटांत कुणीतरी म्हणतं, ‘अजून एक स्मॉल दे रे.’ पुन्हा नळी, पुन्हा फवारा. रात्री सगळे गेल्यावर एकदाच मारावा म्हटलं, तर तोवर बाटली दोन-तीन तास उघडबंद होत असते आणि आवराआवरीत कॅन उचलायचा राहूनही जातो. त्यात भरलेला कॅन आणि संपत आलेला कॅन हातात जवळजवळ सारखेच लागतात, कारण आतल्या वायूला वजन असं फारसं नसतंच. नळीतून फुस्स आवाज येतो, पण आत किती वायू गेला आणि किती हवा उरली, हे डोळ्यांना दिसत नाही. जपतोय की नुसतं जपल्याचं समाधान मिळवतोय, हेच कळेना. माझ्यासाठी निकाल तिथे लागला. भर म्हणजे असे कॅन विमानाच्या सामानात चालत नाहीत, त्यामुळे बाटली ड्यूटी फ्रीमधून आणता येते, तिचा गॅस मात्र इथेच शोधावा लागतो.

छोट्या बाटल्यांची रीत आपल्या घरांत जुनीच आहे. वर्षाचं लोणचं मोठ्या बरणीत दादरा बांधून ठेवायचं आणि रोजच्या पानासाठी लहान बरणीत काढून घ्यायचं, म्हणजे मोठी सारखी उघडत नाही. व्हिस्कीचं गणितही सोपं आहे. 750 मिलीची बाटली निम्म्यावर आली, म्हणजे 375 उरली, की त्यातली 300 मिली 100 मिलीच्या तीन बाटल्यांत जाते आणि राहिलेली 75 त्याच आठवड्यात पिऊन संपवायची. एका बाटलीत 30 मिलीचे तीन पेग आणि वर घोटभर. ती उघडली की एक-दोन बैठकांत संपते, आणि बाकीच्या दोघींना तोवर हवा लागलेलीच नसते. एकदा काम केलं की विसरता येतं, हे मला सगळ्यांत आवडतं.

खरा फरक झाकणाने पडतो. फिरकीच्या झाकणाला आपण अजून स्वस्त मालाची खूण समजतो. प्रत्यक्षात पूर्वी व्हिस्कीला वाइनसारखंच बूच असायचं आणि ते काढायला स्क्रू लागायचा. टीचर्स या स्कॉच कंपनीने हाताने ओढून काढायचं बूच 1913 मध्ये आणलं, आणि व्हाइट हॉर्स या दुसरीने 1926 मध्ये थेट धातूचं फिरकीचं झाकण. साठवणीच्या दृष्टीने मला ही दुसरी सुधारणा मोठी वाटते. बूच शेवटी झाडाची साल आहे. उन्हाळ्यात सुकतं, आकसतं, आणि एखाद्या दिवशी मुठ हातात येऊन उरलेलं मानेत अडकतं. बाटली आडवी ठेवून ते ओलं राखावं, तर एवढं कडक अल्कोहोल त्यालाच खातं. आणि गॅस तर अशाच बुचाच्या भरवशावर आत ठेवायचा असतो.

एका पीटेड बाटलीचे मी दोन वाटे केले होते. एक मूळ बाटलीत गॅसखाली, अधूनमधून पेग काढत, दुसरा छोट्या बाटल्यांत. पावसाळा संपल्यावर दोन्ही सारख्या ग्लासांत ओतून घेतल्या, आणि कुठला ग्लास कुठला ते बायकोकडे ठेवलं. गॅसखालची वाईट नव्हती. माल्टचा गोडवा होता, शेवटी मिरीचा चटका होता. पण दुसऱ्या ग्लासातला धूर नाक न्यायच्या आधीच जाणवला, आणि पाण्याचे दोन थेंब पडल्यावर मागून लिंबाची सालही आली. एका बाटलीवरून कुणी नियम काढू नये, माझं नाक म्हणजे काही यंत्र नव्हे. तरी त्या दिवसानंतर कुठला पर्याय घ्यावा याचा मला पुन्हा विचार करावा लागला नाही.

छोट्या बाटल्यांचेही तोटे आहेत. ओतताना व्हिस्कीला हवा लागतेच. म्हणून नरसाळ्याची नळी बाटलीच्या आतल्या भिंतीला टेकवून धरायची, म्हणजे धार काचेवरून खाली उतरते, उंचावरून पडून फेसाळत नाही. नरसाळं काचेचं किंवा स्टीलचं, आणि स्वयंपाकघरातलं अजिबात नको, कारण तेलाचा वास धुऊन जात नाही. बाटल्या गरम पाण्याने धुवा, सुवासिक साबण टाळा, पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात हेच सगळ्यांत वेळखाऊ काम. लेबल लावायचा कंटाळा आला की पुढे दोन सारख्याच बाटल्या हातात घेऊन उभं राहावं लागतं, तेव्हा चिकटपट्टीवर नाव, टक्के आणि उघडल्याचा महिना लिहूनच ठेवा. क्वार्टरच्या रिकाम्या बाटल्या वापराव्यात असं काही जण सुचवतात. मी टाळतो, कारण बऱ्याच प्लॅस्टिकच्या असतात आणि झाकणात जुन्या मालाचा वास मुरलेला असतो.

मग गॅस कुणी घ्यावा? ज्याच्याकडे कुणी प्रेमाने दिलेली, मूळ रूपातच ठेवायची अशी एखादी बाटली आहे आणि ती सणासुदीलाच उघडते, त्याने जरूर घ्यावा. बाटली अजून दोन-तृतीयांश भरलेली असेल आणि पेग क्वचित निघत असेल, तर फवारा चांगलं काम करतो आणि वर सांगितलेला त्रास आड येत नाही. दर शनिवारी दोन-तीन वेगवेगळ्या बाटल्यांतून थोडं थोडं घेणाऱ्याला मात्र मी छोट्या बाटल्याच सुचवेन.

बाटल्या घ्यायला मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या प्रयोगशाळा-सामानाच्या दुकानांत जा. गडद तपकिरी, अंबर काचेच्या मागा, म्हणजे उजेडाचाही प्रश्न मिटतो. 100 मिलीच्या सहा आणि 50 च्या दोन-तीन सुरुवातीला पुरतात. दुकानदाराला झाकण उघडून आतलं अस्तर दाखवायला सांगा: नुसता पुठ्ठ्याचा चकतीवजा तुकडा असेल तर परत द्या, मानेत दाबून बसणारं शंकूच्या आकाराचं प्लॅस्टिकचं अस्तर असेल तर घ्या. आणि भरताना नखाएवढी जागा सोडा, उन्हाळ्यात व्हिस्की फुगते.