आज रात्री 'रोमन हॉलिडे' लावायचा की 'सब्रिना'?

ऑड्री हेपबर्नचा एकही सिनेमा पाहिला नसेल, तर सुरुवात या दोहोंपैकी एकाने करा. 'रोमन हॉलिडे' १९५३चा, 'सब्रिना' १९५४चा. दोन्ही कृष्णधवल, दोन्ही दोन तासांच्या आत आटोपणारे.

'सब्रिना'त गंमत जास्त. बड्या घरच्या ड्रायव्हरची मुलगी, धाकट्या मालकावर जीव, मग पॅरिसला स्वयंपाक शिकायला रवानगी. तिथे तिचं सूफ्ले (अंड्याचा फुगणारा फ्रेंच पदार्थ) फुगतच नाही, कारण बाईसाहेब ओव्हन लावायलाच विसरल्यात! शेजारचा म्हातारा सरदार लगेच ओळखतो: प्रेमात सुखी असलेली बाई सूफ्ले करपवते, दुःखी असलेली ओव्हन लावायला विसरते. दिग्दर्शक बिली वाइल्डरच्या सिनेमात असं खुसखुशीत बोलणं जागोजाग. त्यात धाकट्याचं लग्न ठरतंय ते ऊसवाल्यांच्या मुलीशी, कारण थोरल्याला उसापासून प्लास्टिक बनवायचंय. साखरपट्ट्यातल्या सोयरिकी पाहिलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. मला खटकतं ते एकच. थोरल्याच्या भूमिकेतला, पन्नाशी ओलांडलेला हंफ्री बोगार्ट आणि पंचविशीतली ऑड्री, ही जोडी काही केल्या जमत नाही. शिवाय काजोलचा 'ये दिल्लगी' पाहिला असेल, तर गोष्ट ओळखीची निघेल.

'रोमन हॉलिडे'त मात्र दिग्दर्शक विल्यम वायलरने सगळं बिऱ्हाड रोमला नेलं, त्यामुळे स्कूटरच्या मागे पळतं ते खरं शहर. सुरुवातीचाच प्रसंग बघा. पाहुण्यांची रांग संपता संपत नाही. राजकन्या गाऊनच्या आत गुपचूप एक पाय बुटातून मोकळा करते, बूट कलंडतो आणि पाय तो चाचपडत राहतो. वर चेहऱ्यावर हसू तस्संच! ही मुलगी रात्री वकिलातीतून सटकणार, हे तिथेच कळतं. पुढे खोटारड्याचा हात चावतं म्हणतात त्या दगडी तोंडात हात घालायच्या प्रसंगात पत्रकार नायक झालेल्या ग्रेगरी पेकने ऑड्रीला न सांगता आपला पंजा बाहीत लपवला होता. तिची किंकाळी खरीच आहे. या भूमिकेने तिला ऑस्कर मिळालं.

दमून आला असाल, गोड शेवट हवा असेल, तर 'सब्रिना' लावा. एकच बघायचा असेल, तर माझं मत 'रोमन हॉलिडे'ला. फक्त तो जेवताना लावू नका. शेवटच्या पत्रकार परिषदेत बोलणं मोजकं आणि औपचारिक, खरं काय ते दोघांच्या डोळ्यांत चालतं. ताटात बघाल तर हुकेल.