लेसरने पेशीला भोक पाडून मिळेल: फोटोपोरेशन सुविधेचा अनुभव

पाचपैकी साडेतीन तारे. त्यातला अर्धा ऑपरेटर काकांचा आहे, तो मशीनच्या खात्यावर धरू नये.

सुविधा पुण्यातल्या एका संस्थेत आहे. नाव घेत नाही, बुकिंग करणाऱ्यांना ते माहीत असतंच. काम असं: जिवंत पेशींची डिश घेऊन जायचं, लेसरने पेशीपटलाला क्षणभर भोकं पाडून घ्यायची आणि बाहेरच्या द्रवात टाकलेला रेणू आत शिरू द्यायचा. मग भोकं आपली आपण बुजतात आणि पेशी जगते. जगली तर.

मी न्यूरॉनवर काम करते. रेणू मेदाच्या कणात गुंडाळून पेशीत पोचवणारी लिपिडवाली रिएजंटं त्यांना सोसत नाहीत. आमच्या लॅबमधलं इलेक्ट्रोपोरेशनचं, म्हणजे विजेच्या झटक्याने भोकं पाडायचं, मशीन वापरायचं तर पेशी तळापासून सोडवाव्या लागतात, म्हणजे जपून वाढवलेले फाटे तुटलेच. इथे पेशी डिशला चिकटलेल्या असतात तशाच राहतात. एवढ्या एका गोष्टीपायी मी पुढच्या सगळ्या कटकटी पत्करल्या.

नुसत्या लेसरनेही हे जमतं. जपानमध्ये १९८४ सालीच लेसरच्या मदतीने पेशीत डीएनए घातला होता, आणि २००२ मध्ये जर्मनीतल्या येना इथे टिर्लापूर आणि कोनिग यांनी फेमटोसेकंद लेसरने हवी ती नेमकी पेशी निवडून तेच करून दाखवलं. पण तिथे एकेका पेशीवर नेम धरावा लागतो. अख्खी डिश करायची तर संध्याकाळ होईल. म्हणून आमच्याकडे सोन्याचे नॅनोकण वापरतात. साधारण ६० नॅनोमीटरचे कण पेशींवर टाकायचे, थोडा वेळ इन्क्युबेटरमध्ये ठेवायचे, न चिकटलेले धुऊन टाकायचे. मग काही नॅनोसेकंदांचा एक हिरवा पल्स. कण तापतो, भोवतीच्या पाण्याची वाफ होऊन बुडबुडा फुगतो आणि बसतो, त्या धक्क्याने पटलाला भोक पडतं. हे सगळं मायक्रोसेकंदाच्या आत उरकतं, त्यामुळे पेशी भाजत नाही.

स्क्रीनवर हे बघायला मजा येते. डार्कफील्डमध्ये, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकात, पल्स पडला की काळ्यावर ठिपके लखकन उजळतात. काका ऊर्जा एकेक पायरी चढवत नेतात. आधी काहीच होत नाही, मग तुरळक ठिपके, मग पुष्कळ. त्यापुढे गेलं की पेशी गोल व्हायला, म्हणजे मरायला, लागतात. "बास, ह्याच्या खाली राहा मॅडम," असं म्हणून ते आकडा वहीत लिहून घेतात. प्रत्येक जातीच्या पेशीचा आकडा वेगळा. ती वही म्हणजे या सुविधेची खरी मालमत्ता.

काका पहिल्या खेपेला महागडा रेणू आणू देत नाहीत. आधी १० किलोडाल्टनचा हिरवा डेक्स्ट्रान (चमकणारा रंग जोडलेला साखरेचा रेणू) घालून बघायचा, मगच पुढे. बरोबरच आहे. हिरव्या झालेल्या पेशी किती ते मोजायचं, आणि भोकं बुजल्यावर प्रोपिडियम आयोडाइड घालून लाल झालेल्या, म्हणजे मेलेल्या, किती ते बघायचं. हा लाल रंग घाईने टाकू नका. भोकं उघडी असताना तो जिवंत पेशीतही शिरतो आणि सगळी डिश मेल्यासारखी दिसते.

सिआरएनए (जनुक गप्प करणारा छोटा आरएनए) आणि एमआरएनए (प्रथिन बनवायचा निरोप) यांना ही पद्धत झकास. दोन्हींचं काम पेशीद्रवातच असतं, आत पोचले की झालं. प्लाझमिड, म्हणजे डीएनएचं गोल कडं, मात्र घेऊन जाऊ नका; त्याचं काम केंद्रकात सुरू होतं. एक तर एवढा मोठा रेणू त्या भोकातून नीट शिरत नाही, आणि शिरला तरी केंद्रकापर्यंत कोण पोचवणार?

आता पैशांचं. रेणू आत जातो तो निव्वळ विसरणाने, म्हणजे बाहेर दाट असेल तरच आत पुरेसा जाणार. लिपिडच्या पद्धतीत जेवढा एमआरएनए पुरतो त्याच्या कितीतरी पट इथे ओतावा लागतो, आणि त्यातला बहुतेक धुण्याच्या पाण्याबरोबर सिंकमध्ये जातो. लेसरचं ताशी भाडं परवडतं, खिसा फाटतो तो इथे. दरपत्रकात याबद्दल अवाक्षर नाही.

दीड तारा कापला तो मुख्यतः व्यवस्थेसाठी. लेसर तापून स्थिर होईपर्यंतचा वेळ तुमच्या बिलात. इन्क्युबेटर कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे डिश हातात धरून एसीच्या गारठ्यातून पळायचं. शिवाय सोन्याचा कण पल्स खाऊन फुटतो आणि त्याचे बारीक तुकडे पेशीत राहतात. माझ्या प्रयोगाला चालतं, पण पेशी रुग्णाला परत द्यायच्या असतील तर ही चिंतेचीच बाब. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या गटाने २०२१ मध्ये यावर तोड काढली: प्रकाश शोषणारे कण पॉलिमरच्या तंतूंमध्येच कोंडायचे, म्हणजे पेशीला ते लागतच नाहीत. आमच्याकडे ते कधी येणार असं ऑफिसात विचारलं. "प्रस्ताव गेलाय." बरं.

काचेच्या तळाची प्लेट घरून न्या, तिथली घेतली तर वेगळे पैसे लावतात. आणि शुक्रवारी दुपारनंतरचा स्लॉट घेऊ नका. पाच वाजले की काका लेसरची किल्ली काढतात, मग तुमची प्लेट अर्धी झालेली असो की पाऊण.