घरचा ब्रेड, बेकरीचा पाव की भाकरी? ओटीजी घेण्याआधी

घरात कुणाची साखर वाढली की पहिली कुऱ्हाड ब्रेडवर पडते. आमच्याकडे सासऱ्यांचा रिपोर्ट आला, "बाहेरचं बंद" असं जाहीर झालं आणि लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, येऊन बसला. दीड वर्ष झालं, रविवारी ब्रेड घरीच होतो. "आम्हीही घ्यावा का गं?" असं विचारणाऱ्या मैत्रिणींना मी काय सांगते, ते इथे लिहिते.

आधी मैद्याचं बोलू. घरी भाजला म्हणून मैद्याचा कोंडा परत येत नाही. घरच्या पांढऱ्या ब्रेडने साखर बाहेरच्यासारखीच चढते. तब्येतीसाठी करायचा असेल तर निदान अर्ध्याहून जास्त कणीक घालूनच करा, आणि खरी मेहनत तिथेच आहे. गिरणीतून दळून आणलेल्या लोकवन गव्हाचं पीठ मैद्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी पितं. त्यातला कोंडा पिठाची लवचीक जाळी (ग्लूटेन) तोडतो, म्हणून ब्रेड कमी फुगतो. मला हे ठाऊक नव्हतं. मैद्याच्या मापाने पाणी घातलं आणि वीट भाजून काढली. सासूबाईंनी ती हातात तोलून पाहिली नि म्हणाल्या, "दाराला लाव, वाऱ्याने आपटणार नाही." पुढच्या खेपेला पाणी इतकं कढत घेतलं की यीस्टच मेलं.

आता माप बसलंय: ३०० ग्रॅम न चाळलेली कणीक, २०० ग्रॅम मैदा, ३५० मिली कोमट पाणी, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ७ ग्रॅम मीठ. कणीक आणि पाणी कालवून अर्धा तास नुसतं ठेवते, कोंडा मऊ पडतो. मग बाकीचं घालून मळायचं. मे महिन्यात पीठ पाऊण तासात दुप्पट होतं, जानेवारीत दीड तास लागतो. म्हणून घड्याळाकडे बघू नका, परातीकडे बघा. पावसाळ्यात पीठ आधीच दमट असतं, तेव्हा दोन-तीन चमचे पाणी हातचं राखून ठेवते. २०० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. हातचं काम जेमतेम अर्ध्या तासाचं, पण सगळं धरून तीन-साडेतीन तास घरात अडकून पडावं लागतं. रोज ८.१२ची लोकल पकडणाऱ्यांनी हे आठवड्याच्या मध्ये करायचं मनातही आणू नये.

पाकिटाचा ब्राऊन ब्रेड घेणार असाल तर पाकीट उलटं करून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिलं नाव मैद्याचं असेल आणि पुढे कुठेतरी १५० नंबरचा रंग असेल, तर तो तपकिरी दिसतो तो कॅरॅमलमुळे. २८२ नंबर दिसला तर ते बुरशी रोखणारं प्रिझर्व्हेटिव्ह. ते परवानगीतलं आहे, त्याला घाबरायचं कारण नाही. ब्रेड जास्त फुगावा म्हणून पिठात घालायचं पोटॅशियम ब्रोमेट मात्र आपल्याकडे २०१६मध्येच बंद झालं. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. बीपीवाल्यांनी एवढा एक गुणाकार कराच. पहिला घटक खरोखर गव्हाचं पीठ असेल आणि घरात वेळ नसेल, तर असा ब्रेड घ्यायला माझी हरकत नाही.

बेकरीच्या लादी पावाशी तुलनाच करू नये. तो मैद्याचाच असतो, हे खाणाऱ्यालाही माहीत असतं. तसा पाव घरी होत नाही. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा स्वच्छ इंधनावर न्यायला सांगितलं, तेव्हा चवीच्या काळजीने आमच्या मजल्यावर आठवडाभर चर्चा चालली होती. महिन्यातून दोनदा मिसळ खायची तर पावाबरोबरच खावी. मिसळीबरोबर माझा कणकेचा ब्रेड ठेवणं म्हणजे मिसळीचा अपमान.

खरी स्पर्धा आहे भाकरीशी. ज्वारीत ग्लूटेन नाही, म्हणून ती थापावी लागते आणि पिठाला गरम पाणी लागतं. पण यीस्ट नको, ओटीजी नको, आणि बहुतेक घरांत पिठात मीठही पडत नाही. ब्रेडला मीठ लागतंच. माझ्या ७ ग्रॅमचेही वीस तुकडे केले तर चार तुकड्यांत जवळजवळ दीड ग्रॅम मीठ जातं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शनात दिवसाची मर्यादा आहे ५ ग्रॅम. अर्थात तीन भाकऱ्या हाणल्या तर साखर भाकरीनेही वाढते. सासऱ्यांना हे पटत नाही.

आणि ब्रेड घरचा, पण रात्री पाकिटाचं सूप, सोबत पापड, चार वाजता फरसाण असं चालणार असेल, तर मीठ येतंय तिथूनच. आधी ते कमी करा. डाळ, पालेभाजी, मोड आलेली मटकी हे रोज घरात शिजत असेल आणि ब्रेडही रोज लागत असेल, तरच ओटीजीचे पैसे वसूल होतात. आठवड्यातून एकदा टोस्ट खाणाऱ्यांनी ज्वारी दळून आणावी.

घ्यायचाच ठरला तर २५-३० लिटरचा घ्या, त्यात ब्रेडचा डबा नीट बसतो. एका भाजणीला साधारण एक युनिट वीज जाते. पैसे भरण्याआधी ओट्यावरची जागा मोजा आणि १६ अँपिअरचा पॉइंट आहे का ते बघा. आमच्या जुन्या वायरिंगवर पहिल्याच रविवारी फ्यूज उडाला, आणि अर्धा भाजलेला ब्रेड तव्यावर झाकण ठेवून पुरा केला.