फोल्डरच्या नावात आयडी की शेजारी एनएफओ?

२०१९ साली आलेल्या '१९१७'च्या फाइलला नुसतं '१९१७' नाव दिलं असेल, तर घरचा सिनेमासंग्रह ओळखून दाखवणाऱ्या मीडिया सर्व्हरने तो आकडा नाव समजायचा की वर्ष? कंसात २०१९ घातलं की बहुतेक वेळा भागतं. उरलेल्या हट्टी फाइली पडद्यावरून हाताने जुळवता येतात, पण ती दुरुस्ती सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये राहते. डेटाबेस गेला की तीही गेली. म्हणजे ओळख फाइलीपाशीच हवी. आता ती फोल्डरच्या नावात लिहायची की शेजारच्या एनएफओत, म्हणजे सिनेमाची माहिती ठेवणाऱ्या छोट्या मजकूर-फाइलीत, एवढाच प्रश्न.

टीएमडीबी या सिनेमांच्या ऑनलाइन सूचीत प्रत्येक सिनेमाला क्रमांक असतो; तो आयडी फोल्डरच्या नावात घालणं सोपं आहे. अंदाज बांधायला जागाच उरत नाही आणि यादीवर नजर टाकली तरी काय कशाला जोडलंय ते दिसतं. अडचण कंसांची: प्लेक्स या सर्व्हरला महिरपी कंस आणि 'टीएमडीबी' लागतं, जेलीफिन या दुसऱ्या सर्व्हरला चौकटी कंस आणि 'टीएमडीबीआयडी'. एकच सर्व्हर वापरत असाल तर ही अडचण विसरा.

माझं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. लायब्ररी वर्षानुवर्षं साठलेली. मी एका रात्रीत शेकडो फोल्डरांची नावं बदलली. सकाळी 'नव्याने आलेले'च्या रांगेत सगळे जुनेच सिनेमे! सर्व्हरच्या लेखी मार्ग बदलला म्हणजे जुनी वस्तू गेली, नवी आली. सबटायटल आणणारा प्रोग्रॅम जुन्याच मार्गांवर शोधत बसला आणि हाताने लावलेली पोस्टरंही उडाली. मी वापरत होतो त्या सर्व्हरचं हे असं झालं, सगळीकडे होईलच असं नाही. पण पुन्हा त्या वाटेला जायची हिंमत झाली नाही.

एनएफओ मूळ फाइलीला हातच लावत नाही, शेजारी गुपचूप बसते. मुळात ही कोडी या मीडिया प्लेअरची पद्धत. तिथे तर खुणांमध्ये मांडलेली सगळी माहिती (एक्सएमएल) नसली तरी टीएमडीबीसारख्या साइटवरच्या सिनेमाच्या पानाचा पत्ता लिहिलेली एक ओळ पुरते. एम्बी हा सर्व्हर आणि २०१८मध्ये त्यातूनच फुटलेलं जेलीफिन, दोन्ही या फाइली वाचतात आणि लिहितातही. मालिकांना तर याचा फायदा जास्त. प्रसारणाचा क्रम आणि डीव्हीडीचा क्रम जुळत नाही तेव्हा फोल्डरवरचा आयडी काय करणार? भागाच्या एनएफओत सीझन आणि भागाचा क्रमांक लिहिता येतो.

कुरबुरी इथेही आहेत. डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडलेली असेल तर सर्व्हर एनएफओ लिहू शकत नाही. शिवाय आधी चुका दुरुस्त करा, मगच एनएफओ लिहिण्याचा पर्याय चालू करा. नाहीतर चुकीची ओळखही तितक्याच इमानाने लिहून ठेवली जाते.

नव्याने येणाऱ्या सिनेमांच्या फोल्डरवर मात्र मी अजूनही आयडीच घालतो. त्यांचा मागचा इतिहासच नसतो.